टोपलीतले नाव

१६ ऑक्टोबर १८६६, मंगळवार

आणि डावा बूटही गेला. होडीचा काठ धरून मी पाय वर ओढला तेव्हा पाय आला, बूट आला नाही. चिखलाने तो गिळला आणि वर एक बुडबुडा सोडला. ओहोटीने खाडी पार सुकली होती. होडी कुशीवर पडली होती. धक्का हाकेच्या अंतरावर होता आणि धक्क्यावर पाय सोडून बसलेली एक मुलगी रताळे खात माझ्याकडे बघत होती.

"दोरी टाक गं!" मी ओरडलो.

"कशाला? भरती येईल की."

"कधी?"

"येईल."

रताळे संपेपर्यंत ती हलली नाही. मग हात फ्रॉकला पुसले आणि एक फळी ढकलून दिली. मी पोटावर सरपटत वर आलो.

"आई," तिने मागे वळून हाक मारली, "बघ गं, माणूस आहे की खेकडा?"

"आधी धू," मागून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "मग कळेल."

मी तिथेच, चिखलाने माखलेला, सांगून टाकले. वाटेत काही बरे शब्द जुळवले होते, ते आठवले नाहीत. म्हणालो, मी आयझॅक, बेटावरून आलो. या मळ्यात डॉर्कस नावाची बाई आहे, तिच्याकडे आमच्या धक्क्यावरून गुलामीच्या दिवसांत विकून आणलेली मुलगी आहे, असे प्रिन्स काकांनी सांगितले. त्यांचीच ही होडी. ती मुलगी माझी बहीण.

म्हातारीने हातातली पाखडायची टोपली खाली ठेवली. तिने मुलीकडे पाहिले नाही. माझ्याकडेही नाही.

"जेवलास का?" तिने विचारले.

भात आणि चवळी दिली. मी ओसरीवर बसून हे लिहितो आहे. शाळेतल्या बाईंनी वही देताना सांगितले होते, जे घडले तेवढे लिही. घडले ते एवढेच.

१७ ऑक्टोबर, बुधवार

तिने मला ओळखले नाही. मीही तिला ओळखले नसते. नेली तेव्हा ती तीन वर्षांची होती, मी आठ. हनुवटी मात्र आईची आहे. भांडताना पुढे येते तशीच.

इथे तिला कासव म्हणतात. "कासवे, पाणी आण. कासवे, कोंबड्या कोंड." कागदावर तिचे नाव लेटी. तिचे खरे नाव, टोपलीतले नाव, माझ्याशिवाय आता कोणाला माहीत नाही. शेताच्या बांधावर टोपलीत ठेवलेल्या पोराला आई ज्या नावाने हाक मारते ते नाव. ते मालकाला सांगत नाहीत आणि परक्यालाही सांगत नाहीत. मी ते या वहीतही आज लिहीत नाही.

तिला नेले तो दिवस लिहायला हवा. आमच्याकडे कोणीही पोराला, जिथे ते झोपले-उठले तिथून हलवताना, नाव घेऊन हाक मारते. चल रे, इथे राहू नकोस. नाही मारली तर पोर जाते आणि जीव मागे राहतो. आई धक्क्यावर उभी होती. होडी सुटली. सगळ्या बाया आईकडे बघत होत्या. आईने ओठ मिटून घेतले. मला वाटले रडू आवरते आहे. पुढे कितीतरी दिवसांनी तिने सांगितले: मुद्दाम मारली नाही हाक. पोर नेली तर नेली, जीव तरी माझ्याकडे राहील.

मग ती रोज काम सुटले की धक्क्यावर जाऊन बसायची. तिथे कोणी असल्यासारखी बोलायची. एका हिवाळ्यात ती घरी आली, म्हणाली, "गेली," आणि त्यानंतर परत बसायला गेली नाही. कोण गेली ते मी विचारले नाही. मालाची होडी असेल.

देवीच्या तापात आई गेली, गुलामी मोडणारी लढाई संपायच्या आधी. शेवटी म्हणाली, "मी हाक मारली नाही रे तिला. तू जाऊन मार."

म्हणून तिला घरी न्यायचे आहे. आमच्या धक्क्यावर उभी करून हाक मारायची, म्हणजे तिचे तिला मिळेल. आठ वर्षे पोर अर्ध्या जिवाने जगते आहे.

पण ती दिवसभर गप्प बसत नाही. हे मला समजत नाही.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

म्हातारी म्हणाली, खातोस तर कांड. मळणी चालू आहे, वाटा मिळाल्याशिवाय इथून कोणी हलत नाही. मी विचारले, किती दिवस? म्हणाली, "भात संपेपर्यंत."

बेटावर आम्ही कापूस करतो. मला मुसळाची सवय नाही. उखळात दोघांनी आळीपाळीने घाव घालायचा. कासवच्या समोर मी. दोनदा मुसळावर मुसळ आदळले.

"चिखल्या, कोंबड्यांसाठी कांडतोस का? नुसती कणी केलीस."

"माझं नाव आयझॅक."

"असेल."

"मी तुझा भाऊ आहे."

"भाऊ असून एवढं येत नाही?"

मळणी करणारे सांपसन काका इतके हसले की त्यांना खोकला लागला. आता सगळा मळा मला चिखल्या म्हणतो. पायात बूट नाहीत ते नाहीतच.

२१ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थनेच्या घरात ती म्हातारीच्या मांडीला टेकून बसली होती. मोठी झाली आहे, पाय बाहेर येतात, तरी तशीच. मधेच तिने विचारले, "आई, याचे आई-बाप कुठेत?" म्हातारीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

मी बाहेर आलो आणि होडीची दोरी सोडून पुन्हा बांधली. ती नीट बांधलेलीच होती.

मला वाटते, म्हातारी मुद्दाम उशीर करते. काल म्हणाली, वारा चांगला नाही. परवा म्हणाली, भरती अवेळी आहे. आज माझी पँट शिवायला घेतली आणि गुडघ्यावर असा जाड तुकडा लावला की तो आयुष्यभर टिकेल. परक्या पोराच्या कपड्याला एवढे टाके घालायला लागतात का?

२३ ऑक्टोबर, मंगळवार

आज सांगितले. बांधावर बसून आम्ही कालवे फोडत होतो. म्हणालो, तू अशी इथे राहू शकत नाहीस, तुझा जीव आमच्या धक्क्यावर आहे. हाक न मारता तुला आणले. तू अर्धी आहेस.

"अर्धी?" ती हसली. "कुठली अर्धी? वरची का खालची?"

मी आईबद्दल सांगितले. मिटलेल्या ओठांबद्दलही. नको होते सांगायला, पण बोलता बोलता थांबता आले नाही.

ती हसायची थांबली. हातातले कालव तिने न खाता पाण्यात टाकले.

२४ ऑक्टोबर, बुधवार

ती जेवली नाही. अंगाभोवती शाल गुंडाळून चुलीशी बसली आहे. डोकेही आत. बोलत नाही.

मला वाटले, चला, आता हिला पटले. मग तिच्या शालीतून बाहेर आलेली बोटे दिसली. मग पटल्याचा आनंद वाटेना.

म्हातारीने मला कोपराला धरून उखळापर्यंत ओढत नेले. "काय सांगितलंस पोरीला?"

"जे खरं ते."

"अर्धी म्हणालास?"

"आमच्याकडे..."

"तुमच्याकडे! आमच्याकडे काय वेगळं आहे? मला शिकवतोस?" ती कुजबुजत ओरडत होती. "अशीच आली होती ती. अशीच. शालीत डोकं घालून. कासव काय उगाच म्हणतात तिला? दाणा घेईना, शब्द काढीना. मी म्हटलं, मुकी पोर माझ्या गळ्यात बांधली. मग समजलं, हिच्यात हीच नाहीये. कोणी हाक मारलेली नाही."

"मग?"

"मग काय? शेतातून सुटलं की धक्क्यावर जायचं आणि हाक मारायची. रोज. पाऊस असला तरी. बाया हसायच्या."

"कोणत्या नावाने? तुम्हाला तिचं नाव माहीत नव्हतं."

"नव्हतं. म्हणायचे, ए पोरी, चल घरी. ज्याची कुणाची असशील त्याची अस, जेवायला चल." तिने डोळे पुसले नाहीत, मुसळ उचलले. "भर हिवाळ्यात एके रात्री उठून म्हणाली, भूक लागली. तेव्हापासून बोलते आहे ती काल थांबली. तुझ्यामुळं."

मी हे सगळे लिहून काढले, पण मला ते पटत नाही. नावाशिवाय जीव कसा येईल? इतक्या लांब, इतक्या खाड्या ओलांडून?

२६ ऑक्टोबर, शुक्रवार

आज शुक्रवार, तिचा जन्मवार. टोपलीतले नाव त्यावरूनच ठेवलेले. हाक ओठांवर आली होती. मारली नाही. इथे मारून उपयोग नाही.

२७ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी ती शालीतून बाहेर आली, रताळे घेतले आणि मला म्हणाली, "तुझी ती आई धक्क्यावर कुठं बसायची? टोकाला का पायऱ्यांवर?"

"टोकाला."

"पाय सोडून?"

"हो."

"मीपण टोकालाच बसते." मग म्हणाली, "मला ती जागा बघायची आहे."

मी मुसळ खाली टाकून नाचलो असतो. म्हातारी दारात उभी होती. तिने तीळ भाजायला घेतले होते, ते करपले. इतक्या दिवसांत तिच्या हातून काही करपलेले मी पाहिले नव्हते. करपल्या तिळांचा वास संध्याकाळपर्यंत घरात होता.

२८ ऑक्टोबर, रविवार

जेवताना म्हातारीने विचारले, "तिचं टोपलीतलं नाव काय?"

"ते परक्याला सांगत नाहीत, मावशी."

"परक्याला," ती म्हणाली. मान हलवली. आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

कासव म्हणाली, "आई, तुझं टोपलीतलं नाव काय गं? कधी सांगत नाहीस."

"ज्यांना माहीत होतं ते गेले सगळे. आता ते नाव नाहीच."

नंतर सांपसन काका मला बाजूला घेऊन म्हणाले, डॉर्कसचा एक मुलगा होता, सायरस. लढाईच्या आधी विकला, जॉर्जियात की आणखी खाली, कोणाला ठाऊक. "गुलामी सुटल्यावर आम्ही म्हटलं, चल शहरात. ती हलली नाही. म्हणते, तो शोधत आला तर याच दाराशी येईल. दाराला रंग दिलाय बघ निळा, लांबून दिसावा म्हणून."

मला वाटले होते, निळा रंग भुते आत येऊ नयेत म्हणून दिला आहे. सगळे देतात तसा.

बरे झाले एका अर्थी. तिला तिच्या मुलाची वाट बघायला जागा आहे. मी कासवला घेऊन गेलो तरी तिला काही काम उरेल.

हे वाक्य पुन्हा वाचले. खोडत नाही. पण वाईट आहे.

२९ ऑक्टोबर, सोमवार

वाटे झाले. उद्या दुपारच्या ओहोटीबरोबर निघायचे.

एक प्रश्न लिहून ठेवतो: आई "गेली" म्हणाली तो हिवाळा कोणता?

३० ऑक्टोबर, मंगळवार

होडीत. नांगर टाकून थांबलो आहोत, चंद्र नाही, कंदिलाला तेल थोडे आहे, आणि दोघी झोपल्या आहेत. पटकन लिहितो.

दुपारी सगळे धक्क्यावर आले होते. कासव होडीत बसली, मांडीवर गाठोडे. सांपसन काकांनी मला जुने बूट दिले. दोन्ही उजव्या पायाचे. म्हणाले, चिखलाला काय कळतंय.

म्हातारी टोकाला उभी होती. मी दोरी सोडायला वाकलो आणि वर पाहिले. तिने ओठ मिटून घेतले होते.

तेच ओठ. मी पुन्हा आठ वर्षांचा झालो. बाया बघत होत्या. मला समजले की ही हाक मारणार नाही. आणि मला हेही समजले की मला तिचा राग येत नाही.

"मावशी," मी म्हणालो, "हाक मारा."

"कोणत्या नावानं?" तिचा आवाज कोरडा होता. "कासव म्हणून मारली तर कासव येईल. ती तर माझीच आहे, ती माझ्याकडेच राहू दे. तुझी तू ने."

मी दोरी तशीच बांधलेली ठेवून धक्क्यावर चढलो. तिच्या कानाशी वाकलो. तिच्या केसांना करपलेल्या तिळांचा वास होता. मी नाव सांगितले. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच मोठ्याने, म्हणजे कानात सांगण्याएवढ्या आवाजात, उच्चारले.

तिने ते एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिले. मग पदरासारखी शाल सावरली आणि अशी हाक मारली की पलीकडच्या बांधावरचे बगळे उडाले.

"फिबा! चल गं फिबा! चल गं माझ्या कासवे! इथं राहू नकोस! सगळीच्या सगळी जा!"

फिबा होडीत उभी राहिली. होडी हलली, मी ओरडलो बस खाली, तिने ऐकले नाही.

"आई, तुझं नाव सांग."

"काय खूळ आहे? भरती उतरते आहे. जा."

"तुझं टोपलीतलं नाव सांग!"

"म्हटलं ना, माहीत असणारं कोणी उरलं नाही."

"तुला माहीत आहे ना? तू उरलीस ना?"

कोणी हसले नाही. म्हातारीने खाली पाण्याकडे पाहिले. मग इतक्या हळू म्हणाली की फिबाने "काय?" केले आणि तिला दुसऱ्यांदा सांगावे लागले.

"टेना."

"चल गं टेना," फिबा म्हणाली. मोठ्याने नाही, जेवायला बोलावतात तसे. "इथं राहू नकोस."

"आणि सायरस आला तर?"

"चिखल्यानं मला शोधलं की नाही? ह्याला तर धड कांडताही येत नाही." तिने सांपसन काकांकडे बोट केले. "काका आहेत की इथं. सांगतील बेटावर गेलीय म्हणून. आणि दार निळंच राहील."

"मी दरवर्षी रंग देईन," सांपसन काका म्हणाले. "आता जा बाई, नाहीतर चिखल्या पुन्हा अडकेल."

म्हातारी वळली आणि घरात गेली. मला वाटले, संपले. मी होडीत उतरून वल्हे हातात घेतले. फिबा बसली नाही.

म्हातारी बाहेर आली ती एका काखेत कोंबडी, दुसऱ्या काखेत भांडे, आणि खांद्यावर मुसळ. मुसळ! होडीत तिघांना जागा नाही, मुसळाला कुठली? मी तसे म्हणालो. ती म्हणाली, "तुमच्याकडे कापूस पिकतो. मुसळ काय असणार?" आणि पुढच्या फळीवर बसली.

मी तिला चला म्हणालो नव्हतो. इतके दिवस तिच्या हातचे खाल्ले, तिने शिवलेली पँट घातली, पण मला ते एकदाही सुचले नाही. होडी धक्क्यापासून सुटल्यावर हे लक्षात आले. सांगितले तर म्हणाली, "मलाही नाही सुचलं."

वाटेत फिबाने माझे टोपलीतले नाव विचारले. क्वाको, म्हणालो. बुधवारी झालो म्हणून.

"क्वाको," तिने म्हणून पाहिले. "चिखल्याच बरं आहे."

झोपायच्या आधी मी टेना मावशीला विचारले, फिबा उठून भूक लागली म्हणाली तो हिवाळा कोणता? ती म्हणाली, धूमकेतू दिसला होता, त्या वर्षाचा. आमच्याकडेही दिसला होता. आई "गेली" म्हणाली तो हिवाळाही त्याच वर्षाचा.

मला याचा अर्थ लावता येत नाही. कोंबडी माझ्या वहीवर बसायला बघते आहे.

३१ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी उजाडता उजाडता आमच्या धक्क्याला लागलो. ओहोटी होती. फिबा वाट न बघता उतरली आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेली. मी फळी टाकली. ती धक्क्याच्या टोकाला जाऊन पाय सोडून बसली, थोडा वेळ. मग, मी हाक मारायच्या आधीच, उठली आणि म्हणाली, भूक लागली. शेजारून उखळ मागून आणले. कांडायला मी आणि ती होतो. कणी कमी निघाली.